नी-ओलेसुन : खाण बंद पडली, वस्ती उठली नाही

भूगोल शिकवणाऱ्या एका शिक्षिकेने विचारलेल्या प्रश्नाचा आशय असा आहे : नकाशावर नॉर्वे आणि उत्तर ध्रुव यांच्या मधल्या स्वालबार्ड द्वीपसमूहाच्या पश्चिम किनाऱ्याला नी-ओलेसुन नावाचा एक ठिपका दिसतो आणि हिवाळ्यात तेथे तीस-पस्तीसच माणसे राहतात असे वाचायला मिळते. इतक्या उत्तरेला वस्ती झालीच का, कोळशाची खाण बंद पडल्यावर ती उठली का नाही, भारताने आपले केंद्र नेमके तेथेच का उघडले, आणि अशा जागेला गाव म्हणावे का? हिमनद्यांच्या मोजणीच्या कामासाठी मी या वस्तीत काही उन्हाळे आणि एक वसंत ऋतू काढला आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबेल. चारही प्रश्नांची मुळे एकाच फियॉर्डच्या, म्हणजे हिमनदीने कोरलेल्या खोल, अरुंद खाडीच्या, पाण्यात आहेत, म्हणून सुरुवात तेथूनच करतो.

आधी नावाविषयी. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत हे नाव पाच-सहा प्रकारे छापले जाते. नॉर्वेजियन उच्चार मराठीत 'नी-ओलेसुन' असा जवळपास बसतो. 'नी' म्हणजे नवे, आणि ओलेसुन हे नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे मासेमारीचे शहर. ज्यांनी येथे खाण काढली ते व्यापारी त्या परिसरातले होते, म्हणून हे नवे ओलेसुन. वस्ती सुमारे ७८ अंश ५५ मिनिटे उत्तर अक्षवृत्तावर, स्पिट्सबर्गन बेटावरील ब्रोगर द्वीपकल्पाच्या उत्तर काठावर, म्हणजेच कोंग्सफियॉर्डच्या दक्षिण किनाऱ्यावर आहे. येथून उत्तर ध्रुव साधारण १,२३० किलोमीटरवर येतो. स्वालबार्डचे प्रशासकीय केंद्र असलेले लाँगयिअरब्येन हवाई मार्गाने शंभराहून थोडे अधिक किलोमीटर दूर आहे. दोन्ही वस्त्यांना जोडणारा रस्ता नाही, कधी नव्हताही. माणसे छोट्या विमानाने येतात आणि जड सामान जहाजाने येते.

वर्गात हा भाग शिकवताना मी असतो तर अक्षवृत्त सांगून थांबलो नसतो, त्याच अक्षवृत्ताच्या आसपासची दुसरी जागा शेजारी ठेवली असती. कॅनडाच्या एल्समियर बेटावरील युरेका हे हवामान केंद्र ८० अंश उत्तरेला, म्हणजे नी-ओलेसुनपेक्षा जेमतेम एक अंश वर आहे. तेथे फेब्रुवारीचे सरासरी तापमान उणे ३५ अंश सेल्सिअसच्याही खाली जाते. नी-ओलेसुनमध्ये तोच महिना उणे १२ ते १४ अंशांच्या आसपास काढला जातो. सूर्य दोन्ही ठिकाणी सारखाच गैरहजर असतो; फरक पडतो तो समुद्रामुळे. अटलांटिक महासागरातून नॉर्वेच्या किनाऱ्याने वर सरकणाऱ्या उबदार, खारट पाण्याची एक शाखा स्पिट्सबर्गनच्या पश्चिम उतारालगत उत्तरेकडे जाते. तिला पश्चिम स्पिट्सबर्गन प्रवाह म्हणतात. या प्रवाहामुळे द्वीपसमूहाची पश्चिम बाजू जहाजांना बऱ्यापैकी मोकळी मिळते, तर पूर्व बाजू ध्रुवाकडून येणाऱ्या थंड पाण्याच्या आणि तरंगत्या बर्फाच्या ताब्यात राहते. ग्रीनलंडचा पूर्व किनारा याच अक्षवृत्तावर असूनही तेथे जहाज नेणे आजही जिकिरीचे आहे, ते त्याच थंड पाण्यामुळे.

कोंग्सफियॉर्डच्या बाबतीत आणखी एक गोष्ट जुळून आली आहे. बहुतेक फियॉर्डच्या मुखाशी हिमनदीने मागे सोडलेला एक उंचवटा असतो आणि तो बाहेरचे खोल पाणी आत येऊ देत नाही. कोंग्सफियॉर्डच्या तोंडाशी असा अडसर नाही. हा सुमारे वीस किलोमीटर लांबीचा फियॉर्ड आणि त्याच्या उत्तरेचा क्रॉसफियॉर्ड हे दोघे एका खोल सागरी दरीत उघडतात, आणि त्या दरीतून अटलांटिकचे पाणी थेट आत शिरते. फियॉर्डचा बाहेरचा भाग काही ठिकाणी साडेतीनशे मीटरपेक्षा खोल, तर हिमनद्यांच्या पायथ्याशी असलेला आतला भाग शंभर मीटरहूनही उथळ आहे. एका टोकाला महासागर आणि दुसऱ्या टोकाला वितळणारी हिमनदी, आणि मध्ये दोघांची दररोज चाललेली ओढाताण, असे या पाण्याचे रूप आहे. किनाऱ्यावर उभे राहिल्यावर ते पाण्याच्या रंगातही दिसते : बाहेरचे पाणी गडद निळे, तर आतले हिमनद्यांनी आणलेल्या गाळामुळे विटकरी, जणू पहिल्या पावसानंतरचा ओहोळ.

वस्तीच्या पाठीमागे, म्हणजे दक्षिणेला, सेपेलिनफ्येलेट हा साडेपाचशे मीटर उंचीचा डोंगर आहे. पश्चिमेला ब्रोगर हिमनद्या, पूर्वेला लोवेन हिमनद्यांची रांग, आणि फियॉर्डच्या शेवटी क्रोनेब्रेन ही स्वालबार्डमधील सर्वांत वेगाने वाहणाऱ्या हिमनद्यांपैकी एक. तिच्या मागे 'तीन मुकुट' नावाची तीन शिखरे दिसतात. त्यांना स्वेआ, नोरा आणि डाना, म्हणजे स्वीडन, नॉर्वे आणि डेन्मार्क, अशी नावे आहेत. जमीन वर्षभर गोठलेली असते. उन्हाळ्यात वरचा मीटर-दीड मीटर थर तेवढा सुटतो आणि त्यावर बोटभर उंचीच्या वनस्पती वाढतात. झाड एकही नाही. पिण्याचे पाणी ट्विलिंगवात्नेत नावाच्या छोट्या जोडतळ्यातून येते. २४ ऑक्टोबरच्या सुमारास मावळलेला सूर्य फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात क्षितिजावर येतो, पण दक्षिणेला डोंगर असल्याने घरांच्या भिंतींवर ऊन पडायला आणखी दिवस जातात. उलट एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या अखेरीपर्यंत सूर्य मावळतच नाही. नवख्या माणसाला अंधाराची भीती वाटते. माझा अनुभव असा की झोपेचे खोबरे करतो तो उजेडच.

आता इतिहास. येथे मूळ रहिवासी कधीच नव्हते, ही या जागेची पहिली ओळख. ग्रीनलंड किंवा सायबेरियाच्या किनाऱ्यांवर हजारो वर्षे माणसे शिकार करून जगली. स्वालबार्डला मात्र तशा वस्तीचे खात्रीलायक अवशेष सापडलेले नाहीत. विलेम बॅरेंट्स या डच दर्यावर्दीने १५९६ मध्ये हा द्वीपसमूह पाहिला आणि त्यानंतर देवमासे आणि वॉलरस यांच्या चरबीमागे जहाजे येऊ लागली. त्यांपैकी एक जोनास पूल हा इंग्रज कप्तान १६१० मध्ये याच फियॉर्डमध्ये आला आणि येथे कोळसा असल्याची नोंद करून गेला. त्या नोंदीचा उपयोग व्हायला पुढे तीनशे वर्षे लागली, कारण शिडाच्या जहाजाला कोळशाचे काय करायचे? वाफेची इंजिने आणि उत्तर नॉर्वेतील गोद्या आल्यावरच त्या कोळशाला किंमत आली.

कोळशाच्या आधी फियॉर्डच्या पलीकडच्या काठावर एक फजिती घडून गेली. अर्नेस्ट मॅन्सफिल्ड या उत्साही इंग्रज गृहस्थाला ब्लोमस्ट्रांड नावाच्या भूभागावर संगमरवर दिसला आणि त्याने लंडनमधील भागधारकांच्या पैशावर १९११ मध्ये तेथे खाणीची वसाहत उभारली. क्रेन, रूळ, बाष्पक, घरे, सगळे काही आणले. दगड दिसायला सुंदर होता. पण हजारो वर्षांच्या गोठण्या-सुटण्याने तो आतून तडकलेला होता आणि थंडीमुळेच एकसंध राहिला होता. दक्षिणेच्या उबेत गेला की त्याचा चुरा होई. कंपनी बुडाली. क्रेनचे गंजलेले सांगाडे आजही तेथे आहेत आणि तिथली काही लाकडी घरे १९५० च्या सुमारास पाण्यावरून अलीकडे आणून नी-ओलेसुनमध्ये बसवली गेली. त्यांना अजूनही 'लंडन घरे' म्हणतात आणि त्यांत नेदरलँड्सचे संशोधक राहतात. इतक्या उत्तरेला चांगले बांधलेले घर मालकाच्या दिवाळखोरीनंतरही वाया जात नाही.

कोळशाची खाण पेतर ब्रान्डाल आणि त्याच्या भागीदारांनी १९१६ मध्ये कंपनी स्थापून सुरू केली. पहिल्या महायुद्धात नॉर्वेला ब्रिटिश कोळसा मिळेनासा झाला होता, त्यामुळे मुहूर्त चांगला लागला. १९१७ पासून उत्खनन सुरू झाले. खाणीपासून धक्क्यापर्यंत अरुंद रुळांची आगगाडी धावू लागली आणि ती १९५८ पर्यंत चालली. कोळसा सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलीतील जंगलांचा आहे. त्या काळी हवामान उबदार होते. परंतु हे थर सरळ पसरलेले नाहीत. पश्चिम किनाऱ्यावरच्या भूहालचालींनी ते वाकले, मोडले, वर-खाली सरकले आहेत आणि त्यांत मिथेन वायू भरपूर आहे. खाणीच्या पुढच्या सगळ्या दुर्दैवाचे बीज या एका भूशास्त्रीय वस्तुस्थितीत आहे, म्हणून ती लक्षात ठेवावी.

याच सुमारास पॅरिसमध्ये ९ फेब्रुवारी १९२० रोजी स्वालबार्ड करारावर सह्या झाल्या आणि १४ ऑगस्ट १९२५ पासून तो अमलात आला. तोवर ही बेटे कोणाचीच नव्हती. कराराने सार्वभौमत्व नॉर्वेला दिले, पण सह्या करणाऱ्या सर्व देशांच्या नागरिकांना तेथे उद्योग करण्याचा सारखा हक्क ठेवला आणि बेटांचा युद्धासाठी वापर करण्यास मनाई केली. ब्रिटिश साम्राज्याचा भाग म्हणून भारतही या करारात पहिल्यापासून आहे. 'आपला तेथे काय संबंध' असे विचारणाऱ्यांना मी आधी ही तारीख सांगतो.

खाणीमुळे येथे धक्का, वीज, वाकबगार सुतार आणि लोहार होते; आणि जूनच्या आधीही जहाज पोहोचू शकेल असे पाणी होते. ध्रुवाकडे हवेतून जाऊ पाहणाऱ्यांना याहून उत्तरेला दुसरा इतका सोयीचा तळ नव्हता. २१ मे १९२५ रोजी नॉर्वेचा ध्रुवसंशोधक रोआल अमुंडसेन आणि त्याचा अमेरिकन सहकारी लिंकन एल्सवर्थ यांच्यासह सहा जण दोन उडत्या बोटींतून, म्हणजे पाण्यावरही उतरू शकणाऱ्या विमानांतून, निघाले, ८७ अंश ४४ मिनिटांच्या जवळपास बर्फावर उतरले आणि अडकले. तीन आठवडे हातांनी बर्फ तोडून आणि दाबून त्यांनी धावपट्टी केली आणि सहाही जण एकाच विमानात कोंबून परत आले. पुढच्या वर्षी तर येथे गर्दी उसळली. ९ मे १९२६ रोजी रिचर्ड बर्ड या अमेरिकन अधिकाऱ्याने येथून उड्डाण करून ध्रुव गाठल्याचा दावा केला. तो पुढे फार वादग्रस्त ठरला. दोनच दिवसांनी, ११ मे रोजी, 'नोर्गे' हे एअरशिप, म्हणजे हलक्या वायूने भरलेले इंजिनाचे हवाई जहाज, अमुंडसेन, एल्सवर्थ आणि इटालियन वैमानिक उम्बेर्तो नोबिले यांच्यासह सोळा जणांना घेऊन निघाले, १२ मे रोजी ध्रुवावरून गेले आणि १४ मे रोजी अलास्कात उतरले. त्याच्यासाठी हिवाळ्याच्या अंधारात सुतारांनी लाकूड आणि कॅनव्हासचा, छप्पर नसलेला, शंभर मीटरहून लांब निवारा बांधला होता. मला स्वतःला त्या उड्डाणापेक्षा हे सुतारकाम अधिक थोर वाटते, पण त्या सुतारांचा पुतळा तेथे नाही, अमुंडसेनचा आहे.

१९२८ मध्ये नोबिले 'इटालिया' हे दुसरे एअरशिप घेऊन आला. २३ मे रोजी ते निघाले आणि परतताना २५ मे रोजी बर्फावर कोसळले. त्याच्या शोधासाठी १८ जूनला ट्रोम्सोहून विमानाने निघालेला अमुंडसेन पुन्हा दिसला नाही. नोबिलेच्या वाचलेल्या सोबत्यांना जुलैमध्ये 'क्रासिन' या सोव्हिएत बर्फफोड्या जहाजाने उचलले. ज्या पोलादी मनोऱ्याला ही एअरशिप बांधली जात, तो आजही वस्तीबाहेर एकटा उभा आहे.

नायकांची वर्दळ चालली असताना खाण मात्र तोट्यात होती. कोळशाचे भाव पडले, अपघात झाले आणि १९२९ मध्ये उत्खनन थांबले. १९३३ मध्ये कंपनी सरकारच्या मालकीची झाली. मधल्या काळात मासेमारीचे ठाणे झाले, पर्यटकांसाठी हॉटेलही उघडले. दोन्हींचे फारसे काही झाले नाही. दुसऱ्या महायुद्धात १९४१ मध्ये स्वालबार्डमधील वस्त्या रिकाम्या करण्यात आल्या आणि १९४५ नंतर सरकारने खाण पुन्हा सुरू केली. या दुसऱ्या पर्वात कुटुंबे आली, शाळा सुरू झाली, वस्ती दोनशेच्या घरात गेली. गाव म्हणावे असे काही येथे असलेच तर ते याच पंधरा-सतरा वर्षांत होते.

आणि याच वर्षांत माणसे मेली. जानेवारी १९४८ मध्ये स्फोटात १५, १९५२ मध्ये ९, १९५३ मध्ये १९ आणि ५ नोव्हेंबर १९६२ रोजी २१. मोडलेल्या थरांतून निघणारा वायू, हवा खेळती ठेवण्याची अपुरी व्यवस्था, आणि उत्पादन वाढवल्याशिवाय खाण परवडणार नाही असा वरून येणारा दबाव, या तिन्हींचा तो परिणाम होता. शेवटच्या स्फोटानंतर सर्व मृतदेहही बाहेर काढता आले नाहीत. काही जण आजही त्या बुजवलेल्या खाणीत आहेत. म्हणून खाणीच्या तोंडाकडे फिरायला जाताना स्थानिक लोक आवाज खाली आणतात, आणि नवख्यांनीही तसे करावे अशी त्यांची अपेक्षा असते.

या अपघाताने ओस्लोतील सरकार पाडले, हे आपल्याकडे फारसे कोणाला माहीत नाही. चौकशी आयोगाच्या अहवालाने सुरक्षेतील ढिलाईवर बोट ठेवले. कंपनी सरकारी होती, त्यामुळे जबाबदारी मंत्र्याची की संचालकांची, असा प्रश्न संसदेत उभा राहिला. उद्योगमंत्र्यांनी राजीनामा दिला, पण विरोधकांचे समाधान झाले नाही. ऑगस्ट १९६३ मध्ये अविश्वासाचा ठराव ७६ विरुद्ध ७४ मतांनी संमत झाला. समाजवादी लोकपक्षाच्या दोन सदस्यांची मते निर्णायक ठरली आणि आइनार गेरहार्डसेन यांचे मजूर पक्षाचे सरकार गेले. योन लिंग यांचे नवे सरकार महिनाभरही टिकले नाही आणि गेरहार्डसेन परत आले, पण युद्धकाळापूर्वीपासून चालत आलेली मजूर पक्षाची सत्ता अभेद्य नाही, हे नॉर्वेला कळले. या प्रकरणाला तेथे अजूनही कंपनीच्या नावाने 'किंग्स बे प्रकरण' म्हणतात. खाण १९६३ मध्ये कायमची बंद झाली. कुटुंबे गेली, शाळा गेली.

येथे शिक्षिकेच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर येते. वस्ती उठली नाही, कारण ती उठू देणे नॉर्वेला परवडणारे नव्हते. शीतयुद्ध चालू होते. स्वालबार्डमध्ये सोव्हिएत खाणकामगारांच्या मोठ्या वस्त्या होत्या. सार्वभौमत्व कागदावर असले तरी चुलीतून धूर निघत राहणे आवश्यक असते. मग काम शोधण्यात आले. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात युरोपीय अवकाश संशोधन संघटनेचे उपग्रहांचे संकेत टिपणारे केंद्र येथे उभे राहिले आणि ते १९७४ पर्यंत चालले. ध्रुवावरून फिरणारा उपग्रह इतक्या उत्तरेहून अधिक फेऱ्यांत दिसतो, हा त्यामागचा साधा हिशेब. १९६८ मध्ये नॉर्वेच्या ध्रुवीय संस्थेने आपले केंद्र सुरू केले. पुढे १९९० च्या दशकात जर्मनी, जपान, ब्रिटन, इटली, फ्रान्स, आणि नंतर २००२ मध्ये कोरिया आणि २००४ मध्ये चीन आले. चीनच्या केंद्राच्या दाराशी दोन दगडी सिंह बसवले गेले आणि वाऱ्यात बर्फ साचले की त्यांच्या फक्त माना दिसत. धक्का, धावपट्टी, वीजघर, खाणावळ आणि जवळपास सर्व इमारती आजही त्याच सरकारी कंपनीच्या ताब्यात आहेत. कोळसा काढणारी कंपनी आता संशोधकांना घर आणि जेवण पुरवते. खाणकामगारांचे जुने स्नानगृह आता वातावरणातील धूलिकणांची प्रयोगशाळा आहे.

दैनंदिन जीवनाविषयी थोडेच सांगतो. सर्वांचे जेवण एकाच खाणावळीत होते. खाणीच्या काळापासूनच्या रीतीप्रमाणे दाराशी पादत्राणे काढतात, त्यामुळे मराठी माणसाला तेथे परके वाटत नाही. दारांना कुलूप लावत नाहीत, कारण अस्वल आले तर जे दार जवळ असेल त्यात शिरता आले पाहिजे. वस्तीच्या हद्दीबाहेर बंदुकीशिवाय जायचे नसते आणि ती चालवण्याचे शिक्षण आधी घ्यावे लागते. रोज प्रत्यक्ष छळणारा प्राणी मात्र अस्वल नसून आर्क्टिक कुररी हा पक्षी आहे. जूनमध्ये तो वाटेच्या कडेला अंडी घालतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या टाळूवर चोच मारतो, म्हणून शहाणी माणसे डोक्यावर काठी उभी धरून चालतात. सर्वांत विलक्षण नियम शांततेचा आहे. वस्तीच्या वीस किलोमीटर परिघात २ ते ३२ गिगाहर्ट्झ कंपनसंख्येची रेडिओ उपकरणे परवानगीशिवाय वापरता येत नाहीत. म्हणजे वायफाय नाही, ब्लूटूथ नाही, फोन विमानातल्यासारखा बंद. कारण येथील भूमापन वेधशाळेच्या मोठ्या अँटेना अब्जावधी प्रकाशवर्षे दूरच्या क्वासारांचे, म्हणजे अतितेजस्वी दीर्घिका-केंद्रांचे, अत्यंत क्षीण संकेत टिपतात आणि त्यांवरून पृथ्वीचे परिवलन आणि खंडांचे सरकणे मिलिमीटरांत मोजले जाते. त्या संकेतापुढे तुमच्या घड्याळाचे ब्लूटूथ म्हणजे देवळात वाजवलेला ढोल.

या जागेचे शास्त्रीय मोल एकाच गोष्टीत आहे, आणि ती म्हणजे सलग नोंदी. सेपेलिनफ्येलेटच्या उतारावर ४७४ मीटरांवर असलेल्या वेधशाळेत छोट्या रोपवेने जावे लागते. १९८९-९० पासून तेथे हरितगृह वायू, पारा, धूर यांची मोजणी होते, कारण आसपास कारखाना नाही आणि येणारी हवा दुरून आलेली असते. ब्रोगर आणि मधली लोवेन या दोन हिमनद्यांवर १९६७-६८ पासून दर वर्षी किती बर्फ जमले आणि किती गेले याचा हिशेब मांडला जातो. इतक्या उत्तरेकडचा एवढा दीर्घ हिशेब क्वचितच आढळतो. आमचे काम म्हणजे एप्रिल-मेमध्ये हिमाची खोली आणि घनता मोजायची, बर्फात रोवलेल्या खुंट्यांची उंची टिपायची आणि सप्टेंबरमध्ये त्याच खुंट्या किती उघड्या पडल्या ते पाहायचे. दुकानदाराची जमाखर्चाची वहीच ती, आणि गेल्या अर्धशतकात बहुतेक वर्षी खर्च जमेपेक्षा जास्त आहे.

१९९० च्या दशकापासूनच्या नोंदींनुसार येथील वार्षिक तापमान दर दशकाला सुमारे १.३ अंशांनी वाढले आहे, आणि हिवाळ्यातील वाढ त्याहून बरीच मोठी आहे. फियॉर्डचा आतला भाग पूर्वी दर हिवाळ्यात भरवशाने गोठत असे. २००६ पासून तो भरवसा राहिला नाही. जुने लोक स्नोस्कूटरवरून सरळ फियॉर्ड ओलांडत, आता त्याच जागी होडी लागते. संगमरवराच्या फजितीची ती जागा, ब्लोमस्ट्रांड द्वीपकल्प, मुख्य भूमीला ज्या हिमनदीने जोडलेले होते ती मागे हटली आणि १९९० च्या दशकात ते बेट असल्याचे उघड झाले. नकाशावर नाव अजून 'द्वीपकल्प' असेच आहे.

भारताकडे येऊ. ऑगस्ट २००७ मध्ये पाच शास्त्रज्ञांची पहिली भारतीय आर्क्टिक मोहीम येथे आली आणि १ जुलै २००८ रोजी 'हिमाद्री' केंद्राचे उद्घाटन झाले. सुमारे २२० चौरस मीटरची ही भाड्याची इमारत आहे. आठ माणसे राहू शकतात. तिचा कारभार गोव्यात वास्को-द-गामा येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून चालतो, त्यामुळे मोहिमेचे कपडे, पेट्या आणि उपकरणे मे महिन्याच्या घामात बांधली जातात. अंटार्क्टिकात भारताने स्वतः केंद्रे बांधली. येथे बांधली नाहीत, कारण गरज नव्हती. तयार धक्का, तयार प्रयोगशाळा आणि शेजारी दहा देशांच्या नोंदी, हे सगळे भाड्याने मिळत असताना वेगळी वस्ती उभारण्यात शहाणपण नव्हते. जुलै २०१४ मध्ये फियॉर्डमध्ये सुमारे १९० मीटर खोलीवर 'इंडआर्क' ही नांगरलेली वेधशाळा बसवण्यात आली. अटलांटिकचे उबदार पाणी कधी, किती आणि कोणत्या थरातून आत शिरते हे ती हिवाळ्यातही नोंदवते, जेव्हा त्या पाण्यावर जाणे कठीण असते. डिसेंबर २०२३ पासून हिमाद्रीत हिवाळी मोहिमाही सुरू झाल्या आहेत. ध्रुवावरचे बर्फ आणि आपला मोसमी पाऊस यांच्या संबंधाविषयी वर्तमानपत्रांत जे ठाम मथळे येतात, त्यांच्याविषयी मी विद्यार्थ्यांना सावध करतो. वातावरणाच्या दूरवरच्या भागांत असे दुवे असतात आणि त्यांचा अभ्यास चालू आहे. पण कोंग्सफियॉर्डमध्ये बर्फ कमी झाले म्हणून विदर्भात पाऊस जास्त पडला, असे सरळ समीकरण कोणी मांडत असेल तर त्याच्याकडे पुरावा मागावा.

राहिला गाव म्हणण्याचा प्रश्न. उन्हाळ्यात शे-दीडशे माणसे, हिवाळ्यात तीस-पस्तीस. येथे कोणी जन्मत नाही, कोणी म्हातारपण काढत नाही, मुले नाहीत, शेतजमीन नाही, स्वतःचे घर असलेला एकही माणूस नाही. बहुतेक कर्मचारी दोन-चार वर्षांच्या नेमणुकीवर येतात. मराठीतील 'गाव' या शब्दात जी वाडवडिलांची भुई येते, ती येथे नाही. म्हणून मी जाणूनबुजून 'वस्ती' म्हणत आलो आहे. उद्या सरकारने डिझेलचे जहाज पाठवणे थांबवले तर ती एका हंगामात रिकामी होईल, जशी ती १९४१ मध्ये झाली होती. मात्र तेव्हाही ती पुसली जाणार नाही. स्वालबार्डच्या पर्यावरण कायद्यानुसार १९४६ पूर्वीची माणसाची प्रत्येक खूण आपोआप संरक्षित आहे, आणि त्यात घरे, रूळ, एअरशिपचा मनोरा एवढेच येत नाही. मनोऱ्याच्या वाटेवर त्या छप्पर नसलेल्या निवाऱ्याचे काँक्रीटचे पाये, फळ्यांचे तुकडे आणि गंजलेले खिळे अजून जसेच्या तसे पडलेले आहेत. त्यांतला एक खिळा खिशात घालणे हा गुन्हा आहे.